बंदुकीच्या बदल्यात शिलाई मशीन

प्रश्न : युद्ध संपल्यावर लोकांकडच्या बंदुका सरकार रोख देऊन का घेत नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घेतात कधीकधी. पण त्याच पैशात दुसरी बंदूक येते! मला आफ्रिकेतल्या मोझांबिक देशाची रीत पटते. यादवी १९९२ मध्ये थांबली. १९९५ पासून बिशप सेंगुलाने यांच्या पुढाकाराने तिथल्या ख्रिस्ती परिषदेने बंदुकांच्या बदल्यात शिलाई मशीन, सायकली, कुदळी दिल्या. फौजेत मी शस्त्रागार सांभाळलंय, म्हणून सांगतो : तेलपाणी केलेली रायफल पन्नास वर्षं चालते, आणि कुलपातलं शस्त्र चोरीला जातं. म्हणून मोझांबिकमध्ये जमा शस्त्रं कापूनच टाकत. त्याच तुकड्यांची केस्टर या कलाकाराने २००१ मध्ये केलेली खुर्ची ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बसायला मात्र अवघड दिसते.