पद्मिनीला डिस्क, की आधी ड्रमचीच डागडुजी?

चिपळूणहून प्रश्न : प्रीमिअर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. कुंभार्ली घाट उतरताना शेवटी शेवटी ब्रेक लागतच नाहीत. पुढे डिस्क ब्रेक बसवावेत का?

पॅडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर ड्रमला आतून घासणारे लायनर तापलेत. पॅडलच खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय. हे ऑइल हवेतली ओल पितं, आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. ओल मुरल्यावर मानकाची हीच मर्यादा १४०वर येते. दरवर्षी पाऊस सरला की सगळं ऑइल बदला. उघडून ठेवलेल्या डब्यातलं नको. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

एवढं करूनही डिस्क हवीच असेल, तर नुसतं कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने चिमटणारा भाग) अडकवून भागत नाही. ड्रममधला पुढचा शू (लायनर बसवलेली कमान) फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागतो. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं. पॅडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) जुळला नाही तर पॅडल तळाला टेकतं. ड्रमच्या लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह तसाच राहिला तर पॅड घासत राहतात. शिवाय बूस्टरमुळे मागच्या ड्रमवरही जोर वाढतो, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडली की गाडी गरकन फिरते. मागच्या लाइनीत दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घाला. आमचं मत विचाराल तर पैसे आधी दुहेरी सर्किटच्या (दोन वेगळ्या लाइनींच्या) मास्टर सिलिंडरवर घाला. एकेरीत एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले.

मालवणहून : पहिल्यांदा पॅडल खोल जातं, लगेच पुन्हा दाबलं की वर येतं. ब्रेकच्या पाइपांतली हवा दोनदा काढून झाली.

हवा असती तर वर आलेलं पॅडलही स्पंजासारखं लागलं असतं. शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. गाडी स्टँडवर घ्या, हँडब्रेक पूर्ण सोडा. बॅकप्लेटमागचा अॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, मग चाक हाताने मोकळं फिरेल इतकाच मागे घ्या. किंचित घासल्याचा आवाज चालेल. पॅडल जोरात दाबून शू मध्यावर बसवा आणि पुन्हा तपासा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी. ती आधी ताणली तर मागचे शू पूर्ण मागे येतच नाहीत आणि अॅडजस्टमेंट खोटी ठरते. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

देवगडहून : दहा-बारा किलोमीटर गेलं की गाडी आपोआप अडते, थंड झाली की सुटते.

अडलेली असतानाच, सपाटीवर चाकाला दगड लावून, चाकामागचा हवा काढायचा निपल जरा सोडा. ऑइल गरम असेल, जपून. चाक सुटलं तर दाब अडकलाय. नाही सुटलं तर शूची स्प्रिंग, गंजलेला व्हील सिलिंडर (चाकातला, शू ढकलणारा) किंवा केबल बघा. एकच चाक धरत असेल तर संशय आतून फुगलेल्या रबरी होजवर. चारही धरत असतील तर पॅडलचा दांडा म्हणजे पुशरॉड तपासा : तो आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांत साधारण १ मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसली की टाकीकडे जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि तापून प्रसरण पावलेल्या ऑइलला परतायला वाट उरत नाही. कुणी रबरं पेट्रोलने धुतली असतील तर ती फुगूनही हेच होतं. रबरांचं किट बदला, धुवायला ब्रेक ऑइलच वापरा.

गुहागरहून : जूनपासून उभी गाडी गणपतीला काढली, तर मागची चाकं जाम.

हँडब्रेक ओढलेला राहिला असणार. शू ड्रमला गंजाने चिकटलेत. इंजिनाच्या जोरावर ओढू नका, लायनर सुटून येईल. ड्रमवर लाकूड धरून सगळीकडून हातोडीने ठोका. पुढल्या पावसात गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. खालचे स्टीलचे पाइपही बघा, खारी हवा त्यांना क्लिपखाली आधी खाते. बदललेत तर तांबं-निकेल मिश्रधातूचे घ्या. साधं तांबं थरथरीने कडक होऊन चिरतं.