सहावीतली मुलगी वर्गमैत्रिणीला चिडवते, तिला कोणती गोष्ट वाचायला द्यावी?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की शाळेतून फोन आल्यापासून मुलगी गप्प आहे आणि ‘बोधकथा’ म्हटलं की उठून जाते. मग बोधकथा नकोच.

आर. जे. पलासिओ यांची ‘वंडर’ (२०१२) घ्या. चेहऱ्यात जन्मजात व्यंग असलेला दहा वर्षांचा ऑगी पहिल्यांदाच शाळेत जातो. गोष्ट आळीपाळीने तो, त्याची बहीण, त्याचा मित्र असे वेगवेगळे जण सांगतात, त्यामुळे एकाच प्रसंगात कुणाला काय वाटलं ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

पण तुमच्या मुलीसाठी खरं महत्त्वाचं आहे ते नंतरचं ‘ऑगी अँड मी’ (२०१५). त्यातली पहिली गोष्ट ऑगीला छळणाऱ्या ज्युलियनची, त्याच्याच तोंडून. तो आधी सबबी सांगतो, आईवडील त्याचीच बाजू घेतात. मग आजी तिच्या लहानपणची, नाझींच्या काळातली हकिकत सांगते आणि ज्युलियनला स्वतःची लाज वाटते. तो माफीचं पत्र लिहितो. छळणाऱ्या मुलाला इतक्या आतून दाखवणारी पुस्तकं मुळातच कमी, म्हणून माझा एवढा आग्रह.

इंग्रजी जड वाटलं तर रोज थोडं वाचून मराठीत सांगा. नाशिकमध्येच आहात, तर टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात (१८४० पासूनचं!) तिला घेऊन जा, पुस्तक तिलाच मागू द्या.

आणि कृपा करून वाचून झाल्यावर ‘मग काय शिकलीस?’ विचारू नका. ज्युलियनचा राग आला का, एवढंच विचारा.