डब्यातली साठ कार्डं

परभणी, रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नीटची परीक्षा झाली, लातूरची खोली सोडली आणि घरी येऊन आधी पोकेमॉनच्या कार्डांचा डबा उघडलास, हे तुझ्या आईनं सांगितलं. मागोमाग तुझा मेसेज: "काका, माझा डेक बाद झाला."

आधी डेकची ती साठ कार्डं सतरंजीवर ओत. बहुतेकांच्या खाली डाव्या कोपऱ्यात चौकटीत एक बारीक अक्षर असतं. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, तुला दिसेल. 'ई'वाली 2024 च्या एप्रिलात स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त अलीकडची कार्डं चालतात त्या स्पर्धेच्या प्रकारातून, गेली, 'एफ'वाली 2025 च्या. तू दोन वर्षं शिकवणीत, म्हणून दोन्ही तडाखे एकदमच बसले. तरी सगळं गेलं नाही. बेसिक एनर्जीची कार्डं कधी बाद होत नाहीत. रेअर कँडी नावाचं कार्ड नव्या अक्षरानं पुन्हा छापलंय, त्यामुळं तुझं जुनंही चालतं. ही बाजूला काढ, मग उरतील त्यांचं रड.

आपला शेतकरी सोयाबीन-हरभऱ्याची फेरपालट जमीन बघून करतो. इथं ती कंपनी करते, तिच्या तारखेला, आणि तिला रोटेशन म्हणतात. त्यात धंदा आहेच, पण नुसती लबाडी नाही. मॅजिक हा दुसरा कार्डांचा खेळ 1993 ला आला आणि 1995 मध्येच नव्या कार्डांपुरता वेगळा प्रकार काढावा लागला, नाहीतर नवख्यानं जुनी महाग कार्डं कुठं हुडकायची? यू-गी-ओ या तिसऱ्या खेळात रोटेशन नाही, बंदीची यादी आहे. तिथं आज शिकणाऱ्यापुढं 1999 पासून साचलेला ढीग असतो.

आपली अडचण वेगळीच. कार्डाची मुदत महिन्यांत मोजतात, आपण खेळतो सुट्टीत. दर रविवारी स्पर्धेला बसणारा पोरगा वर्षभरात डेकचे पैसे वसूल करतो. तू दिवाळीत चार डाव खेळणार, उन्हाळ्यात दहा. मॅजिकनं 2023 मध्ये स्टँडर्डची मुदत दोनाची तीन वर्षं केली, ती तरी तुला कुठं पुरणार?

मीही फसलोय. पुण्याच्या एका दुकानातून हौसेनं पोकेमॉनचा तयार डेक आणला, रोटेशन दोन महिन्यांवर होतं. दुकानदार बोलला नाही, मी विचारलं नाही. घरी किंमत निम्मीच सांगितली. (हे काकूला कळू देऊ नकोस.)

तू खेळतोस कुणाशी? धाकट्या भावाशी आणि गल्लीतल्या दोघांशी. मग तिथं स्टँडर्डचं काय काम? चौघं बसा, कोणत्या सालापर्यंतची कार्डं चालतील ते ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. लिहायचं अशासाठी की कुणीतरी नवं पाकीट फोडून येतो, त्यातलं दांडगं कार्ड टाकतो आणि बाकीचे तिघं नुसते बघत बसतात.

स्पर्धेला जायचंच असेल तर रोटेशन झाल्या झाल्या नवीन संचातलं घे, जास्त दिवस चालेल. घरच्यासाठी मात्र उलटं: बाद व्हायला आलेली कार्डं स्पर्धेवाले काढायला लागतात, बऱ्याच कार्डांचे भाव पडतात, तीच आपली सुगी. मॅजिकचं जे कार्ड कमांडर या त्याच्याच दुसऱ्या प्रकारात खपतं त्याचा भाव सहसा तसा पडत नाही, कारण तिथं रोटेशनच नाही.

शनिवारी दुपारी ओसरीवर ये. गच्ची नको, वाऱ्यानं कार्डं उडतात. तो निम्म्या किमतीचा डेक मी काढून ठेवतो.

तुझा काका