डब्यातले राणीछाप

प्रश्न : सासूबाईंच्या पश्चात ट्रंकेत एक पितळी डबा सापडला. त्यात १८६२चे राणीछाप रुपये, १९११चा एक रुपया, भोकाचे पैसे, तांब्याच्या शिवराया आणि एका बाजूला रामदरबार असलेलं १८१८चं नाणं आहे. सराफ म्हणतो, चांदीच्या भावाने घेतो. फोनवर एकाने रामदरबाराचे दोन लाख सांगितले. आधी ‘नोंदणी फी’ भरा म्हणतो. खरी किंमत कशी कळेल? चिंचेने घासून दाखवू का? मुलगी न्यू जर्सीत असते, तिलाही चार नाणी द्यायची आहेत.
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, चिंच आमटीला ठेवा. नाणं घासलंत की संग्राहकाच्या लेखी त्याची निम्मी किंमत तिथेच गेली. वरचा काळपट थर आम्हाला हवाच असतो. नाणं कडेने धरा, मऊ कागदात एकेक वेगळं गुंडाळा, बस्स.

सराफ खोटं बोलत नाही, पण तो फक्त धातू तोलतो. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम चांदीचा भाव ही तुमची तळाची किंमत, त्याखाली उतरू नका. १८६२ हे साल वाचून मात्र हुरळून जाऊ नका. तेच साल टाकून टांकसाळी १८७४पर्यंत रुपये पाडत होत्या, त्यामुळे ते ढिगाने मिळतात. भाव ठरतो मागच्या बाजूला साच्यातच उमटवलेले ठिपके आणि झीज यांवर. माळेत ओवायला कडी डकवलेली असेल, तर विषय संपला.

१९११चा रुपया भिंगाखाली धरा. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर छोटा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२पासून हत्ती सुधारला. हा ‘डुकराचा रुपया’ सराफाला देऊ नका.

भोकाचे पैसे (१९४३ ते ४७) नातवंडांना खेळायला द्या. दुदांडी (म्हणजे आडव्या दुहेरी रेघेच्या) शिवराया आपल्याकडे घरोघरी निघतात. अक्षरं पूर्ण उमटलेली असतील तरच कोणी थांबून बघेल.

रामदरबाराचं स्पष्टच सांगतो : कंपनी सरकारने असं नाणं कधी पाडलंच नाही. ते देवघरातलं टोकन, आणि बहुतेक वेळा अलीकडचंच. तो फोनवाला नाण्यावर नाही, तुमच्या फीवर टपलाय. अशा लोकांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर इशारा दिला होता. नंबर ब्लॉक करा.

किंमत कळायची तर लिलावगृहांचे जुने निकाल बघा, ते इंटरनेटवर सापडतात. विक्रेत्याने मागितलेला आकडा किंमत नव्हे. कोणी मोजला तो आकडा किंमत. दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढा, पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनात दोन-तीन टेबलांवर दाखवा, पण त्या दिवशी विकू नका. वस्तुसंग्रहालयवाले नाणं ओळखून देतील, भाव सांगत नाहीत.

मुलीचं म्हणाल, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. राणीछाप तिच्या नावाने इथेच लॉकरमध्ये ठेवा. तिकडे पाठवायचेच असतील, तर भोकाचे पैसे पाठवा.