डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीतले अंडरटेकर आणि केन खरंच सख्खे भाऊ होते का? आणि सगळं आधीच ठरवलेलं असेल तर लोक ही कुस्ती बघतात कशाला?

नाही. सख्खे नाहीत, चुलत नाहीत, सावत्रही नाहीत. अंडरटेकर म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा मार्क कॅलवे. केन म्हणजे ग्लेन जेकब्स. जन्म स्पेनमधला, वाढला मिसुरीत. कथेत मात्र अंडरटेकरच्या घरचा धंदा अंत्यविधीचा, लहानपणी त्या घराला आग लागली, धाकटा भाऊ त्यात गेला असं सगळ्यांनी धरलं, आणि तोच भाजलेला भाऊ तोंडावर मुखवटा चढवून परत आला. तारीख ५ ऑक्टोबर १९९७. अंडरटेकर आणि शॉन मायकल्स पिंजऱ्यात लढत होते, आणि यानं येऊन पिंजऱ्याचं दारच उपटलं. हेच जेकब्स १९९५ साली त्याच कंपनीत दातांचा डॉक्टर बनून लढत होते. ते सोंग फारसं चाललं नाही. पुढं २०१८ साली ते टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचे मेयर म्हणून निवडून आले, २०२२ साली पुन्हा आले. तालमीतनं राजकारणात जायची वाट आमच्या भागातही चांगली मळलेली आहे, त्यामुळं मला याचं नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते अस्थिकलश घेऊन हिंडणाऱ्या अंडरटेकरच्या त्या गुबगुबीत मॅनेजरचं. पॉल बेअरर. हे नाव तिरडीला खांदा देणाऱ्यासाठी जो इंग्रजी शब्द आहे त्यावरून बेतलेलं. माणूस विल्यम मूडी, आणि त्याच्याकडं अंत्यविधीच्या कामाचं खरंखुरं लायसन्स होतं. भाऊ खोटे निघाले याच्यापेक्षा हा माणूस खरा निघाला याचाच धक्का मला जास्त बसला.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. त्यासाठी आमच्या घरात यावं लागेल.

मी बेळगावचा, वडगावातला. घरात माग. २००२-०३ च्या सुमारास केबलवर टेन स्पोर्ट्स लागायचं, पण मागांच्या खडखडाटात टीव्हीतलं अक्षर ऐकू यायचं नाही. कॉमेंट्री काय असते हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही नुसतं बघायचो. आम्ही म्हणजे मी आणि शेजारच्या कानडी घरातला माझ्या वयाचा पोरगा. तो 'बडी, बडी' म्हणून ओरडायचा, मी 'हाण, हाण'. बाहेर दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून काचा फुटत असताना आत आमची युती पक्की होती, दोघंही केनच्या बाजूनं. पैलवानांचे फोटो आणि आकडे छापलेली ट्रम्प कार्डं दोघांत मिळून एकच जोड. उंची, वजन, छाती, किती लढला, किती जिंकला, सगळं तोंडपाठ. शाळेत सातचा पाढा चुकेल, पण बिग शो नावाच्या त्या धिप्पाड पैलवानाचं वजन चुकायचं नाही.

अंडरटेकर सात वेळा मेलाय, हे तर तुमच्याही शाळेत सांगत असतील. आणि अक्षयकुमारनं त्याला उचलून आपटलेलं मी स्वतः 'खिलाड़ियों का खिलाड़ी' मध्ये पाहिलं होतं, त्यामुळं अक्षयकुमारबद्दल आदर. १९९६ च्या त्या सिनेमातला अंडरटेकर म्हणजे ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान. गंमत म्हणजे १९९४ साली खुद्द कंपनीनंही याच लीला नकली अंडरटेकर बनवून खऱ्याच्या समोर उभं केलं होतं. म्हणजे आमची फसवणूक निदान अनुभवी माणसाकडनं झाली.

हे सगळं खोटं असतं हे आम्हाला शेजारच्या पोराच्या थोरल्या भावानं सांगितलं. कॉलेजला जायला लागला होता, दारात उभा राहून म्हणाला, 'एल्ला सुळ्ळ ऐती.' आम्ही दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. नंतर कळलं की त्यात सांगण्यासारखं गुपित काही नव्हतंच. १९८९ साली कंपनीनंच अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिनेटपुढं हा खेळ नसून करमणूक आहे असं कबूल केलं होतं, कारण खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागं लागतात. पैसा वाचत असेल तर माणूस खरं बोलतो.

पण त्या थोरल्या भावानं सांगायच्याही आधी ते आमच्या आज्जांना कळलं होतं.

आज्जा जुने पैलवान. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. एकसंबा आमच्याच जिल्ह्यात, चिकोडीकडं, त्यामुळं आज्जांच्या पिढीला ती कुस्ती घरचीच. कोल्हापूरच्या खासबागेत (आमच्या बेळगावातली खासबाग वेगळी, तिथं रविवारचा बाजार भरतो) आज्जांनी कुस्त्या बघितल्या होत्या, आणि आसपासच्या यात्रांत स्वतः केल्याही होत्या. असा माणूस एक दिवस मागावरनं उठून आला, 'काय बघूलालास रे?' म्हणाला आणि बसला. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'ठोसा हातानं मारतोय, मग पाय कशाला आपटतोय?'

आवाज येत नव्हता म्हणून त्यांना पाय दिसला. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. पाय आपटला की फळी ढोलासारखी वाजते आणि बघणाऱ्याला वाटतं दात पडले. सुट्टीच्या दिवशी माग बंद असताना मी मुद्दाम ऐकलं. आज्जांचं बरोबर होतं.

पुढं त्यांनी जे शोधलं ते मात्र मी आजतागायत वापरतो. त्यांचा डोळा मारणाऱ्यावर नसायचाच, पडणाऱ्यावर असायचा. 'बघ, हनुवटी छातीला लावली. पाठ सगळी एकदम टेकवली. हात आपटून मार वाटून घेतला. ह्याला कुणीतरी वस्तादानं पडायला शिकवलंय.' आमच्या मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की विषय संपला, पोरगा घरी. तिथं सगळी कमाई पाठ वाचवण्याची, आणि इथं टीव्हीवर दिवसाला दहा वेळा पाठ टेकवून पोट भरणारे गडी. आज्जांना त्यांची कीव येईल असं मला वाटायचं. त्यांना कौतुकच होतं. शॉन मायकल्स त्यांचा लाडका, 'तो केसवाला'. २००६ साली आपल्या भारतातला खली आला आणि मे महिन्यात त्यानं अंडरटेकरला हरवलं, तेव्हा आमची गल्ली नुसती नाचत होती. आज्जा म्हणाले, 'उभा हाय तोवर ठीक हाय. पडाय येत नाही त्याला.'

तर तुमचं उत्तर असं की कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. पडणं ठरलेलं असलं तरी ते खरंच पडावं लागतं, आणि तिथं चुकलं की चुकलंच. ३ ऑगस्ट १९९७ ची स्टीव्ह ऑस्टिन आणि ओवेन हार्टची कुस्ती शोधून बघा. हार्टनं त्याला उलटा धरून डोक्यावर आदळला, तोल चुकला आणि ऑस्टिनच्या मानेला इतका मार बसला की थोडा वेळ हातपाय हलेनात. पण विजेतेपदाचा पट्टा ऑस्टिननं जिंकायचा हे ठरलेलं. मग हार्ट काय करतो बघा. पब्लिककडं वळून हातवारे करत, डिवचत वेळ काढतो, समोरच्याच्या अंगात जीव यावा म्हणून. शेवटी ऑस्टिन कसाबसा सरपटत मागनं येतो आणि एखाद्या लहान पोरानं ओढावं तसा त्याला गुंडाळतो. हार्ट पाठ टेकवून पडून राहतो. एवढी दुबळी पकड आणि एवढा जबाबदार पराभव मी दुसरा बघितलेला नाही. तोच ओवेन हार्ट मे १९९९ मध्ये कॅन्सस सिटीत छतावरनं दोरीनं खाली उतरायच्या एका सोंगात पडून गेला. ते पडणं कुणी ठरवलं नव्हतं.

आणि मिक फोली नावाचा पैलवान. २८ जून १९९८, पिट्सबर्ग, अंडरटेकरनं त्याला साधारण सोळा फूट उंच पिंजऱ्यावरनं खाली टेबलावर फेकलं. तेवढं ठरलेलं होतं. गडी परत वर चढला. दुसऱ्यांदा छताची जाळीच सुटली आणि तो सरळ आत रिंगमध्ये आदळला, मागनं खुर्ची तोंडावर, आणि तुटलेला दात नाकात. ते कुणाच्या कागदावर नव्हतं. अंडरटेकरचा स्वतःचा पाय त्या दिवशी मोडलेला होता. सात वेळा मेलेल्या माणसाला एका पायानं पिंजऱ्यावर चढताना बघणं, हे मला त्या सात मरणांपेक्षा जास्त पटतं.

पडद्यामागचं आणखी थोडं. रेफरी नुसता मोजायला नसतो, त्याच्या कानात आतनं सूचना येतात आणि किती मिनिटं उरली ते तो दोघांना हळूच सांगतो. त्यानं डोक्यावर हातांची फुली केली की समजायचं, लागलंय ते खरं. कपाळावरचं रक्त बऱ्याचदा स्वतःच काढलेलं असायचं, मनगटाच्या पट्टीत लपवलेल्या ब्लेडच्या तुकड्यानं. हे सांगितल्यावर आमच्या आईनं टीव्ही बंद केला होता.

एकदा मी आज्जांना विचारलं, तुमच्या कुस्त्या तरी सगळ्या खऱ्या होत्या का? ते थोडं हसले. एका यात्रेत मोठ्या इनामाची जोड होती, समोरचा तालमीतलाच ओळखीचा, त्याच्या अंगात ताप. इनाम सोडून जाण्यासारखी दोघांचीही परिस्थिती नव्हती. मैदानात उतरायच्या आधी ठरलं की बरोबरीत सोडवायची, इनाम निम्मं निम्मं. वीस मिनिटं खडाखडी केली, एकमेकांना धरून फिरवलं, एकानं पट काढल्यासारखं केलं, दुसऱ्यानं सोडवल्यासारखं. शेवटी लोकांनी ओरडायला सुरुवात केली, एक चप्पल पण आली.

'मग कळलं म्हणायचं की लोकांना,' मी म्हटलं.

'लोकांना उशिरा कळलं. पंचाला कळलंच नाही. हलगीवाल्याला पहिल्या दोन मिनिटांत कळलं हुतं, त्यानं हलगी हळू केली. तो आमच्या पायांकडं बघून वाजवायचा.'