दोन रात्रींचे मालवण कसे आखावे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. डिसेंबर किंवा जानेवारीत दोन रात्रींसाठी मालवणला जाण्याचा विचार आहे. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि नऊ व बारा वर्षांची मुले असतील. ओळखीच्यांनी दहा-बारा ठिकाणांची यादी दिली आहे. मला मात्र मुलांना मासेमारीचे गाव कसे जगते ते दाखवायचे आहे, आणि सासूबाईंना सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आहे. वेळ कसा बसवावा? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि आधी पंचांग उघडा. मालवणात पोहोचल्यावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीच तुमचा दिवस ठरवणार आहे, आणि तिचा हिशेब घरबसल्या करता येतो. कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली रीत अशी, की तिथीच्या आकड्याला तिनाने गुणून चाराने भागले म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. उदाहरणार्थ, चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि पहाटे तीनच्या सुमारास दुसरी भरती, तर ओहोटी सकाळी नऊच्या आणि रात्री नऊच्या आसपास. अष्टमीला हाच हिशेब केला तर भरती सहाला येते आणि ओहोटी दुपारी बाराला, म्हणजे ऐन उन्हात. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने पाणी खूप आत जाते व खूप बाहेर येते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात आणि किनारा फारसा उघडा पडत नाही. म्हणून तुमच्यासाठी पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यानंतरची द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. त्या दिवसांत सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओहोटी मिळते, आणि मुलांना घेऊन खडकांत फिरण्यासाठी याहून चांगली वेळ नाही. हा हिशेब अंदाजाचा आहे, त्यामुळे पोहोचल्यावर घरमालकांना किंवा बंदरावरच्या कोणालाही नेमकी वेळ विचारून घ्यावी. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळा. त्या दिवसांत खोली मिळणे कठीण जाते, आणि मिळाली तरी रस्ते व जेट्टी यांवरची गर्दी सासूबाईंना सोसणार नाही.

येण्यासाठी रात्रीची कोकणकन्या सोयीची आहे. नाशिकहून ठाणे किंवा पनवेल गाठून ती धरावी, म्हणजे सकाळी कुडाळला उतरता येते. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारचे लवकर संपते. कुडाळहून मालवण सुमारे तीस किलोमीटर असून एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काहीही आखू नका. रात्रभर प्रवास केलेल्या माणसाला जेवून पडू द्यावे.

त्या दिवशी संध्याकाळी बंदरावर जा. दिवसभर समुद्रात असलेल्या होड्या व ट्रॉलर परततात, टोपल्या वाळूवर उतरतात, आणि बघता बघता लिलाव उभा राहतो. मुलांना बाजूला उभे करून एवढेच बघायला सांगा, की बोली लावणारी बाई मासे उलटून काय पाहते. ती बांगड्याचा कल्ला उचलते. आत लालभडक असेल तर पुढे जाते, तपकिरी झालेला असेल तर हात मागे घेते. मग बोट दाबून पाहते. मांस लगेच वर आले तर मासा ताजा, खळगा राहिला तर शिळा. डोळा पारदर्शक व फुगीर आहे की आत गेला आहे, हे ती बोली पुकारता पुकारताच टिपते. मासळी ओळखणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे ज्ञान आहे, आणि मुलांनी ते या बायकांच्या हाताकडे पाहून शिकावे असे मला मनापासून वाटते. एक पथ्य मात्र पाळा. लिलाव चालू असताना मधेच भाव विचारू नये. बोली संपली की विकत घेणाऱ्या काकींकडे जाऊन हवे तेवढे घ्यावे, आणि राहत्या घरी शिजवून देतील का ते आधीच विचारून ठेवावे. बऱ्याच घरगुती निवासांत देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. सकाळी का, याचे कारण शाळेतल्या भूगोलातच आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, त्यामुळे किनाऱ्याजवळचे पाणी शांत असते. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि होडी हेलकावे खाऊ लागते. सासूबाईंना होडीत चढ-उतार करताना दोन्ही बाजूंनी हात द्या आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडी सुटू देऊ नका. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला आणि १६६७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. महादरवाजा असा वळणात लपवला आहे, की होडी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि महाराजांच्या हाताचा व पायाचा म्हणून जपलेला ठसा चुन्यात उमटलेला आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चारही बाजूंनी खारे पाणी असलेल्या बेटावर आहेत. मुलांना त्यांच्या काठाशी उभे करून आधी हे बेट किती लहान आहे ते दाखवा. होडीवाले परतीची वेळ सांगतात आणि ती बहुधा तासाभराची असते. म्हणून मंदिर, विहिरी व दरवाजा सासूबाईंसोबत पाहावे, आणि तटावर फक्त मोठ्यांपैकी एकाने मुलांना न्यावे. तटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि त्यांना कठडा नाही.

तिसऱ्या दिवशी, परतीच्या गाडीआधी, ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्यावर जा. तिथेच मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याच्या पायाभरणीआधी महाराजांनी येथे पूजा केल्याचे सांगतात, आणि खडकात गणपती, शिवलिंग, सूर्य व चंद्र कोरलेले आहेत. समोर पद्मगडाचे बेट दिसते. पाणी पुरेसे ओसरले की तिथवर चालत जाता येते, पण गावातल्या माणसाला वेळ विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये, कारण भरती सुरू झाली की परतीची वाळू भराभर बुडते. तारकर्ली, देवबाग आणि आणखी जी नावे यादीत असतील ती या खेपेला सोडून द्या. दोन रात्रींत दहा ठिकाणे केली तर गाडीच्या काचेतूनच मालवण पाहिल्यासारखे होते.

प्रश्न : रापण ओढताना पाहायची आहे आणि जमल्यास दोरीला हात लावायचा आहे. ती नक्की कधी असते? छायाचित्रे काढलेली चालतात का? पैसे द्यावे लागतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याची, वेळ कोणी छापून देऊ शकत नाही. ती मासळीवर ठरते. पावसाळा सरला की हंगाम सुरू होतो आणि हिवाळ्यात तो चांगला असतो. पहाटे एखादा जाणता माणूस किनाऱ्यावरून पाण्याकडे पाहत असतो. पाण्याचा रंग एका ठिकाणी गडद झाला, वर पक्षी घिरट्या घालू लागले, की बांगड्याची किंवा तारलीची पाळ, म्हणजे झुंड, आली हे तो ओळखतो. मग दोरीचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघते, जाळे सोडत सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर किनाऱ्याला लागते. दोन्ही टोकांना माणसांच्या दोन रांगा उभ्या राहतात व जाळे ओढू लागतात. रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात, आणि मधला खोळीसारखा भाग वाळूशी आला की पाणी चंदेरी होऊन उसळते. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. रापणीचा अर्थ मला या वाटपात सापडतो : एका जाळ्यावर अनेक घरे जगतात आणि मिळकत वाळूवरच, सर्वांच्या देखत वाटली जाते.

म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, की आधी विचारावे. रांगेतल्या एखाद्या वयस्कर माणसाला "काका, दोरीक हात लावू काय?" असे विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत, मात्र हात लावला तर शेवटपर्यंत ओढावे, दोन मिनिटांत छायाचित्र घेऊन निघून जाऊ नये. पैसे देऊ करू नका. मासे विकत घ्या. छायाचित्र माणसाचे काढायचे असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि जाळे रिकामे आले असेल त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवा. किनाऱ्याजवळची मासळी कमी होत गेल्याने अशा सकाळी आता पूर्वीपेक्षा जास्त येतात. पर्ससीन, म्हणजे माशांच्या झुंडीला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, प्रखर दिव्यांच्या उजेडात होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरीही पारंपरिक मच्छीमारांचा अशा मासेमारीविरुद्धचा झगडा थांबलेला नाही. कोणी या विषयावर बोलू लागले तर शांतपणे ऐकून घ्यावे.

प्रश्न : जुलैत निवास स्वस्त मिळतो असे कळले. तेव्हा गेलो तर ताजे पापलेट मिळेल ना? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : नाही मिळणार, आणि मिळाले तर ते ताजे नसेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण हाच अनेक माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. किल्ल्याची होडीसेवा तर मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंदच राहते. त्या दिवसांत घराघरांत सुके बांगडे, सुकट आणि खाडीतली थोडी मासळी खातात. ते जेवण तुम्हाला आवडणार असेल आणि पाऊस पाहायचा असेल तर जरूर जा. मलाही ते दिवस प्रिय आहेत. समुद्र मात्र लांबूनच पाहायचा. त्याऐवजी नारळी पौर्णिमा धरलीत तर मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ अर्पण होताना पाहता येईल, आणि गाव पुन्हा दर्याकडे निघालेले दिसेल. पापलेट म्हणजे सरंगा २०२३ पासून राज्यमासा आहे. हंगामात घ्याल तेव्हाही तळहाताहून लहान सरंगा घेऊ नका.

प्रश्न : आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. मालवणात जेवणाचे हाल होतील का? (एक वाचक दांपत्य, सातारा)

उत्तर : मुळीच नाही. काळ्या वाटाण्याचे सांबारे व आंबोळी, घावणे, सोलकढी, आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, इतके पुरेसे आहे. निवास ठरवतानाच वेगळ्या भांड्यांत शिजवतात का ते विचारून घ्या. बाजारपेठेत शाकाहारी खानावळीही आहेत. येताना गूळ व आले घातलेला खाजा आणा.

प्रश्न : मुलगी व जावई स्कूबा करणार आहेत. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दमा, कानाचे किंवा हृदयाचे दुखणे असेल तर करू नये, आणि सर्दी असताना तर अजिबात नाही. सकाळची वेळ घ्यावी. बुडी मारल्यानंतर त्याच दिवशी चिपी विमानतळाहून विमान असेल तर परतीचा दिवस बदलावा. निदान अठरा तास मधे जाऊ द्यावेत. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथल्या खडकांवर प्रवाळ जगतात, तेव्हा त्यांवर पाय टेकू नये. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटे किंवा पाव चुरडून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. जावईबापूंनी सुरुवातीलाच, होडीत बसण्याआधी, आम्हाला ते नको असे स्पष्ट सांगावे.