नकाशा मशीन काढेल, पण चर कुठे खणायचा?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्स झाली. सीईटीला 84 पर्सेंटाइल आहेत. ‘मला नकाशे आवडतात’ म्हणते. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीवर कुठे काय आहे याचे बारीक नकाशे करायचे आणि त्यावरून पाणलोटाची कामं कुठे घ्यायची ते ठरवायचं, असं काहीतरी तिच्या डोक्यात आहे. पण हे नकाशे आता एआय आपोआप काढतं. मग चार वर्षं शिकून ती करणार काय? चर खणणाऱ्या मजुरांवर देखरेख? गणित बरं आहे, फक्त संख्याशास्त्र आणि संभाव्यता तिने ऑप्शनला टाकलं होतं. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून टाकला आहे. ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतो, त्यामुळे तिला अजून माहीत नाही. तिला चार शब्द समजावून सांगाल का?
– एक वडील

उत्तर : नाही, तिला मी समजावणार नाही. चार शब्द सांगायचे आहेत ते तुम्हाला.

पर्सेंटाइलचं नंतर बघू. तुमचं पत्र वाचताना मी अडकले ती ओटीपीपाशी. मुलीच्या नावाने फॉर्म भरला गेला, पसंतिक्रम लावून झाले, आणि हे सगळं तिच्या अपरोक्ष. तुम्ही ‘त्यामुळे तिला अजून माहीत नाही’ असं इतक्या सहज लिहिलंय, की जणू एक कटकट मिटली. मिटलेली नाही. प्रवेशाची यादी लागेल त्या दिवशी तिला कळणारच आहे. ती भांडली तर बरं म्हणा. माझा अनुभव असा, की बरीच मुलं भांडत नाहीत. निमूट बॅग भरतात, जातात, आणि दुसऱ्या वर्षी विषय राहिले की पालक त्यांना घेऊन माझ्यासमोर बसतात. विषय झेपत नव्हता असं त्यातल्या फार थोड्यांच्या बाबतीत खरं असतं. बाकीच्यांनी ‘हे शिक्षण बाबांचं आहे’ असं मनाशी केव्हाच ठरवलेलं असतं, आणि मग नापास होणंही त्यांना बाबांचंच वाटतं. अशा मुलाशी बोलायला मला फार वेळ लागतो, कारण ते कशालाच ‘नाही’ म्हणत नाही.

तुम्ही वाईट हेतूने केलंय असं मी म्हणत नाही. मुलीला चार पैसे मिळावेत, तिची आबाळ होऊ नये, ही काळजी रास्त आहे. पण काळजी रास्त असली म्हणून लपवाछपवी रास्त होत नाही. पसंतिक्रम बदलायची मुदत संपण्याआधी तिला लॉगिन द्या आणि काय केलंय ते स्वतःच्या तोंडाने सांगा. आईला मध्ये घालू नका.

‘चर खणणाऱ्या मजुरांवर देखरेख’ हे वाक्यही मला खटकलं. उतारावरचा चर समपातळी रेषेवर बसला नाही, तर पहिल्या जोरदार पावसात सगळं पाणी त्याच्या खालच्या टोकाला धावतं, तिथून फुटतं, आणि जी माती अडवायची होती तीच घेऊन ओढ्यात जातं. रेषा नीट आखून घेणारा आणि नंतर तपासणारा माणूस शिकलेला लागतो. त्यात कमीपणा कसला?

आता तुमचा गैरसमज, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. एआय नकाशे काढतं हे खरं आहे. युरोपियन अंतराळ संस्थेने सेंटिनेल उपग्रहांच्या माहितीवरून सगळ्या जगाचा 10 मीटर बारकाव्याचा भूआच्छादन नकाशा केला आणि तो कोणालाही फुकट मिळतो. झाडं, झुडपं, गवत, पीक, बांधकाम, उघडी जमीन, पाणी वगैरे 11 वर्ग त्यात आहेत. 2021 सालच्या नकाशाची एकूण अचूकता करणाऱ्यांनीच सुमारे 77 टक्के सांगितली आहे. म्हणजे शंभरातली तेवीसेक ठिकाणं चुकीची. ती नकाशाभर सारखी पसरलेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण दाट जंगल आणि मोठा जलाशय मशीन सहसा बरोबर ओळखतं, घोळ होतो तो झुडपं, गवत आणि विरळ हिरवळीची जमीन यांच्यात. पाणलोटाचं काम माथा ते पायथा करायचं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी माथ्यावर असतं काय? खुरटी झुडपं, चराईचं गवत आणि मुरमाड उतार. काम जिथून सुरू करायचं, नेमकं तिथेच हे मशीन सगळ्यात कच्चं.

जरा जवळून बघा. 10 मीटरचा एक चौकोन म्हणजे 100 चौरस मीटर जागा. ओढ्याच्या काठाने पाच-सहा मीटर रुंदीची झाडी असेल, तर त्या चौकोनात थोडी झाडी, थोडं पाणी आणि उरलेलं शेत येतं. मशीनला नाव एकच द्यायचं असतं; ते ‘पीक’ म्हणून मोकळं होतं. झाडी नकाशातून गायब. मग ऑफिसात बसलेला कोणी ‘इथे काठ उघडा आहे, लागवड करा’ असं लिहितो आणि माणसं रोपं घेऊन पोहोचतात तर करंज आणि जांभळं तिथे आधीच उभी. किंवा एप्रिलमधलं चित्र घ्या. कापणी झालेलं शेत, चरून संपलेलं गायरान आणि खरोखर धूप झालेला उतार, तिन्ही त्यात सारखेच तपकिरी दिसतात. म्हणून खरीप, रब्बी आणि उन्हाळा अशा तिन्ही हंगामांची चित्रं शेजारी ठेवून बघावी लागतात, आणि त्यानंतरही शंका उरली तर उठून जागेवर जावं लागतं. नाहीतर सगळा प्रकार उंटावरून शेळ्या हाकण्याचा.

एक चूक तर मशीनची नाहीच, माणसाचीच. आपल्याकडे झुडपी माळरानं सरकारी नकाशांत वर्षानुवर्षं ‘पडीक’ या सदरात मोडत आली. एकदा ‘पडीक’ लिहिलं की पुढचं ठरलेलं: जेसीबी आणा, खड्डे घ्या, झाडं लावा. वास्तविक चांगल्या गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि पाण्याचा वेग मोडतात. ते उकरून तिथे झाडं लावली, तर माती सुटी होते आणि गुरं चारणाऱ्यांची जागाही जाते. त्या रकान्याला नाव काय द्यायचं हे ज्याला गवत ओळखता येतं त्याने ठरवायला हवं. तुमची मुलगी तो माणूस होऊ शकते.

बारीक नकाशाचा उपयोग कसा होतो, यासाठी तिला अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराबद्दल वाचायला सांगा. सहा राज्यांत पसरलेलं, सुमारे 1,66,000 चौरस किलोमीटरचं ते पाणलोट आहे. शेतांमधलं नत्र, स्फुरद आणि गाळ वाहत जाऊन उपसागराचं पाणी बिघडवतात. आधी हाताशी होते ते 30 मीटरचे नकाशे. 2016 मध्ये सबंध पाणलोटाचा 1 मीटरचा नकाशा तयार झाला. जुन्या एका चौकोनात नवे 900 मावतात, त्यामुळे ओढ्याकाठच्या झाडीला कुठे खिंडार पडलंय ते दिसायला लागलं. पण नुसती खिंडारं मोजून भागत नाही. त्याला लेसरने मोजलेल्या उंचीच्या नकाशाची जोड दिली, की शेतातलं पाणी कुठे गोळा होतं आणि कुठल्या खिंडारातून ओढ्यात उतरतं ते कळतं. लागवड आधी तिथे करायची. अख्ख्या काठाला झाडं लावायला पैसा कुणाकडेच नसतो, तेव्हा आधी कुठे हे सांगता येणं यातच या विद्येची किंमत आहे. आणि हेही तिला सांगा, की 2010 मध्ये तिथे प्रदूषणाची जी मर्यादा ठरली, तिची 2025 पर्यंतची उद्दिष्टं पूर्ण गाठता आली नाहीत. काठची पट्टी शेतीतून सोडायची की नाही हे जमिनीचा मालक ठरवतो, नकाशा नाही. त्याच्या दारात जाऊन बोलणारं कोणी लागतं.

पण म्हणून मी सरसकट तिच्या बाजूची आहे असं समजू नका. नकाशे आवडतात, एवढ्यावर करिअर होत नाही. आणि बारावीनंतर लगेच ‘जीआयएस’ची, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या तंत्राची, पदवी घे असं मी तिला मुळीच सांगणार नाही. ते अवजार आहे. त्याचं क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, घरी बसून शिकता येतं. पदवी घ्यायची ती ज्या विषयामुळे नकाशातली चूक डोळ्यांना टोचेल त्याची: माती, पाणी, वनस्पती किंवा भूगर्भ. माझी पहिली पसंती कृषी अभियांत्रिकीला, त्यात मृद व जलसंधारण हा स्वतंत्र भाग असतो; दुसरी भूशास्त्राला. मार्ग ओळखीचेच आहेत: कृषी अभियांत्रिकीच्या पदवीला हीच सीईटी, पुढे पदव्युत्तर प्रवेशाची गेट परीक्षा (2022 पासून त्यात जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमिनीची मोजणी आणि नकाशे यांचा, वेगळा पेपर आहे), आणि देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) संस्थेचे पदव्युत्तर अभ्यासक्रम. त्या संस्थेचे मोफत ऑनलाइन वर्ग तर ती आजपासूनही करू शकते.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या खासगी सर्टिफिकेट कोर्सच्या वाटेला मात्र जाऊ देऊ नका. त्यातून मिळणारं काम बहुतेक वेळा स्क्रीनवर घरांच्या आणि रस्त्यांच्या कडा गिरवण्याचं असतं. तुम्हाला वाटणारी एआयची भीती तिथे शंभर टक्के खरी आहे.

निर्णय घेण्याआधी तिने एक काम करावं. जवळच्या एखाद्या लहान ओढ्याचं पाणलोट निवडायचं, त्याचा तयार नकाशा क्यूजीआयएसमध्ये उघडायचा आणि सॉफ्टवेअरकडूनच त्यात 50 बिंदू टाकून घ्यायचे. स्वतः निवडायचे नाहीत, नाहीतर सगळे रस्त्याकडेचे निघतील. मग प्रत्येक बिंदूवर पायी जायचं, कुणाच्या शेतात असेल तर विचारून, आणि वहीत दोन रकाने करायचे: नकाशा काय म्हणतो, जागेवर काय आहे. ऊन लागेल, काटे लागतील, कुत्री भुंकतील. ‘इथे गवत असून नकाशा पीक का म्हणतोय’ या प्रश्नाने तिची झोप उडाली, तर ती माती-पाण्याकडेच जाईल. ‘हा प्रोग्राम मी याच्यापेक्षा चांगला लिहीन’ असं तिला वाटलं, तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग तिच्यासाठी उत्तम, आणि मग तो फॉर्म तिने स्वतःच्या हाताने भरावा. दोनातलं काहीच झालं नाही आणि ती फक्त दमून परत आली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

पगाराचं स्पष्ट सांगते. सुरुवातीला सॉफ्टवेअरपेक्षा कमी मिळेल. स्वयंसेवी संस्थांमधली कामं प्रकल्पावर चालतात. प्रकल्प संपला की करार संपतो. सरकारी भरती निघते, पण तिच्या भरवशावर बसून राहण्यात अर्थ नाही. हे तिच्यापासून लपवू नका, तिला आकडे विचारू द्या, या क्षेत्रातल्या दोघा-तिघांना फोन करू द्या.

राहिलं संख्याशास्त्र. 50 बिंदू पुरतात का, एखाद्या वर्गाचे तीनच बिंदू आले तर त्याच्या अचूकतेबद्दल काही बोलता येतं का, 77 टक्के हा आकडा तिच्या ओढ्याला लागू होतो का, हे सगळे प्रश्न ऑप्शनला टाकलेल्या त्याच दोन प्रकरणांतले आहेत. पुस्तक रद्दीत गेलं नसेल तर या सुट्टीत ती दोन प्रकरणं तिने पहिल्या उदाहरणापासून सोडवावीत.